चाचांचं शिसं

दुकानातून वस्तू विकत आणणं म्हणजे हार पत्करणं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या आमच्या इमारतीत बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होता. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. शुवैखच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गॅरेजात तीस वर्षं गाड्यांच्या चाकांचं काम करत होते. त्यांच्या घरातला पंखा रेडिएटरचा होता, कपडे वाळत घालायची दोरी क्लच केबलची. चष्म्याची काडी मोडली तेव्हा त्यांनी वायपरच्या पट्टीतून नवी घडवली. ती कानाला टोचायची. मी म्हटलं, दुकानात दहा मिनिटांत बसवून देतात. "टोचू दे, माझी आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते समुद्रावर गळाने मासे धरायला, त्यांच्या शब्दांत गरवायला, जात. गळाची दोरी तळाशी नेण्यासाठी तिला शिशाचं वजन बांधतात, त्याला ते नुसतं 'शिसं' म्हणत. बाजारातलं शिसं गोल असल्यामुळे प्रवाहाबरोबर गडगडत जातं, हे त्यांचं जुनं दुखणं. त्यांच्या वडिलांचं शिसं चपटं, पानासारखं, एका अंगाला किंचित जड असे आणि टाकलं तिथेच बसे. त्याचा दगडी साचा होडीबरोबर विकला गेला होता, आणि होडी विकली गेली ती चाचांना कुवेतला पाठवण्यासाठी. आता साठी उलटली होती, कंपनी इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढवणार नव्हती. चार महिने हातात होते आणि तेवढ्यात बापाचं शिसं ओतायचंच, हे त्यांनी ठरवून टाकलं.

गॅरेजात चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनं डबाभर साठली होती. त्यांतली कुठली खरी शिशाची, हे ते पक्कडीने चावून बघत. पक्कड रुतली तर शिसं. जुन्या अग्निशामक नळकांड्याचा बुडखा कापून कढई केली आणि सूप वाढायच्या डावाला सळईचा दांडा जोडला. साच्यासाठी मात्र ते माझ्याकडे आले, कारण मी हॉस्पिटलात हाडांना प्लॅस्टर घालायचं काम करतो. प्लॅस्टर मी दुकानातून आणून दिलं, आणि ओला साचा पुरता वाळू द्या, असं तीनदा बजावलं. त्यांनी एक रात्र वाळवला. दुसऱ्या दिवशी आतल्या ओलाव्याची वाफ झाली, शिसं उसळलं आणि चाचा मनगटाला भाजून माझ्या दारात उभे राहिले. मी मलम लावत असताना ते, साच्याला वाफेसाठी वाट ठेवावी का, एवढंच विचारत होते.

माझी बायको नर्स. तिने त्यांच्या सततच्या पोटदुखीवर संशय घेऊन रक्त तपासायला लावलं, तर रक्तात शिसं वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं. तिने तेच त्यांना आमच्या सोफ्यावर बसवून पुन्हा सांगितलं, आणि हा माणूस पहिल्यांदाच मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाला, "बेटी, माझा हात बापाच्या शिशाचा आकार विसरत चाललाय. घरी पोचेपर्यंत विसरला तर कुणाला विचारू?"

बायको उठून आत गेली. बाहेर आली ती अटी घेऊनच. दीड महिना शिशाला हात लावायचा नाही, पुन्हा तपासणी करायची, आणि नंतर काम उघड्यावर, तोंडाला चांगला मास्क लावून, मास्क विकतचा. या शेवटच्या अटीने त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी सगळं पाळलं. त्या दीड महिन्यात साचा गच्चीवर जूनच्या उन्हात पडून होता. इथल्या उन्हाचा आपल्याला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोग झाला, असं ते येईल त्याला सांगत.

रक्तातला आकडा खाली आल्यावर गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पुन्हा शिसं वितळवलं. पहिली सात वजनं त्यांनी तळहातावर तोलली आणि परत कढईत टाकली. साचा दोनदा कोरला. आठवं हातात घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. पुढच्या शुक्रवारी किनाऱ्यावर त्यांनी ते फेकलं आणि माझं बोट दोरीवर ठेवलं. पाणी ओढत होतं, दोरी जागची हलत नव्हती. त्या सकाळी एकही मासा लागला नाही. चाचांना ते कळलंसुद्धा नाही.

जाताना सामानात जागा करण्यासाठी त्यांनी घरच्यांसाठी घेतलेले दूध पावडरचे डबे काढून ठेवले आणि साचा टॉवेलात गुंडाळून भरला. त्यांच्या घरच्या माणसांनी याबद्दल काय ऐकवलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

परवा त्यांना फोन केला. गरवायला जाता का, विचारलं. रोज जातो म्हणाले, शिसंही जागेवर बसतं. मग म्हणाले, "पण शिसं ओतायला इथं सगळ्यांनाच येतं रे. काय करताय, कसं करताय, असं कुणी विचारतच नाही."

मी म्हटलं, मला सांगा, यंदाचं शिसं कसं ओतलंत? फोन कानाला लावून मी खुर्ची ओढून बसलो. ते पाऊण तास बोलत होते.