कोरियन फणी आणि आंब्याची वखार

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. फणस कापायला बसलं की हाताला चीक लागतो, तसे ते चिकटतात. मग कितीही तेल चोळा, थोडा राहतोच! आमच्या चौकडीला असा चीक लागला तो एका कोरियन भुताच्या सिनेमाचा. अजूनही आम्ही रत्नागिरीत कुठंही भेटलो की चहाच्या आधी 'फणी' येते.

चौकडी म्हणजे नंदू, शमू, सुमन आणि मी. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, घरोघरी टीव्ही यायच्या आधीची. नंदूच्या वडिलांची, म्हणजे भाऊंची, आंब्याची वखार होती. सीझन संपला की ती रिकामी. नंदूनं भाड्यानं कलर टीव्ही आणि व्हीसीआर आणला, आंब्याच्या पेट्या उलट्या मांडल्या, आणि झाला आमचा व्हिडिओ हॉल! मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट, म्हणून वायरी माझ्याकडं. शमूचा भाऊ बोटीवर, म्हणून कॅसेटी शमूकडं. सुमन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ती आधी नुसतीच बघायला यायची.

*

शमूनं भावाला सांगितलं होतं, "भाई, एक फक्कड कराटेची कॅसेट आण." भाई कोरियाच्या बंदराला जाऊन आला आणि कॅसेट घेऊन आला. वर सगळी गोल आणि काड्यांची लिपी. आम्ही गावभर सांगितलं, फायटिंगचा पिक्चर आहे! वखार खच्चून भरली.

सिनेमा सुरू झाला. जुनं घर, त्यात एक नवी नवरी. तिला कपाटात लाकडी फणी सापडते. ती आरशासमोर बसते आणि केस विंचरते. विंचरते, विंचरते, विंचरतेच आहे! मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हिची वेणी कधी होणार आणि हाणामारी कधी?"

तेवढ्यात आरशात, नवरीच्या मागं, दुसरी एक बाई उभी राहिली. डोळे पांढरे. केस जमिनीपर्यंत. तिनं हात पुढं केला आणि फणी मागितली.

पुढच्या क्षणाला वखारीत फक्त पेट्या उरल्या. पब्लिक रस्त्यावर!

शमू तडक भावाकडं गेला. "भाई, कराटे कुठाय त्यात?"

भाई शांतपणे म्हणाला, "लोक पळाले ना? मग झालं तर!"

*

पळालेले लोक दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, येताना आणखी लोकांना घेऊन. पण अडचण अशी की भाषा कोणालाच कळेना. फणी शापित आहे, जी वापरेल तिच्यामागं ती मेलेली बाई लागते, इतकं दिसत होतं. पण का? कोण ही बाई? लोक कुजबुजायला लागले, भांडायला लागले. आता शो मोडणार, असं दिसायला लागलं.

सुमन उठली आणि टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "गप्प बसा जरा. मी सांगते ती काय म्हणते ते."

"तुला कोरियन येतं?" मी विचारलं.

"दिवसभर ट्रंक कॉल जोडते मी. अर्धं बोलणं खरखरीतच जातं. उरलेलं ओळखायची सवय आहे!"

आणि तिनं सुरू केलं. नवरीला कुंदा नाव दिलं, भुताला यमुना. यमुनेला सासरी कसं छळलं, मरताना तिच्या हातातली फणी कशी हिसकावली, सगळं स्वतःच्या मनानं. नवरीचा आवाज वेगळा, सासूचा वेगळा. लोक टीव्हीकडं बघत होते की सुमनकडं, कळत नव्हतं. मग यमुना आरशातून पहिल्यांदा तोंड उघडते, तो क्षण आला. वखारीत श्वासाचासुद्धा आवाज नाही. सुमनही भारावली होती. यमुनेनं तोंड उघडलं आणि सुमनच्या तोंडून सवयीनं गेलं,

"बोला, रत्नागिरी!"

लोकांनी पेट्या बडवल्या. पुढच्या प्रत्येक शोला ते वाक्य घ्यावंच लागलं. नाही घेतलं तर पब्लिक वन्स मोअर मागायचं.

*

नंदूनं एका पेंटरला बोर्ड रंगवायला सांगितला. "मोठ्या अक्षरांत लिही, फणी. आणि खाली असं चित्र काढ की लोकांना धडकी भरली पाहिजे." इतकंच सांगून नंदू निघून गेला. पेंटरनं विचार केला, कंगव्याला कोण घाबरणार? त्यानं फणा काढलेला हा भलामोठा नाग रंगवला!

आम्ही बोर्ड बदलायच्या आत नागपंचमी आली. आतल्या गावातून एक जोडपं सणाचं दर्शन म्हणून सकाळच्या गाडीनं आलं. बाईंच्या हातात दुधाची वाटी. अर्धा सिनेमा झाला तशी त्या बाईनं सुमनला विचारलं, "बाय, नाग कदी येतोय गो?"

आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. इतक्या लांबून आलेल्या माणसाला काय सांगणार?

पडद्यावर यमुनेची लांब वेणी जमिनीवरून सरपटत उंबरठा ओलांडत होती. सुमननं बोट दाखवलं. "हा काय आला! शापानं नागाची वेणी झालीय."

दोघांनी हात जोडले. सिनेमा संपल्यावर बाईंनी पुढं होऊन टीव्हीला हळदकुंकू वाहिलं. ते पुसायची माझी हिंमत झाली नाही. पुढं कितीतरी दिवस आमच्या टीव्हीच्या कपाळाला कुंकू होतं.

*

एकदा एका म्हाताऱ्यानं भर शोमध्ये विचारलं, "ही यमुना माहेरची कुठली?"

सुमन क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "मालगुंडची."

झालं! दोन दिवसांत मालगुंडचे एक गृहस्थ स्कूटर घेऊन हजर. "आमच्या गावात असली बाई झालेली नाही. गावाची बदनामी आम्ही खपवून घेणार नाही!" सुमननं माफी मागितली आणि पुढच्या शोपासून यमुनेचं माहेर आरे-वारेला हलवलं. तिथं वस्ती तुरळक, तक्रार येणार कुठून?

आठवड्याभरानं तेच गृहस्थ परत आले. यावेळी बरोबर आणखी चौघं. चेहरे पडलेले. आम्हाला वाटलं, आता काय!

"नाही म्हणजे..." ते घसा खाकरत म्हणाले, "एवढं गाजलेलं भूत. आमच्याकडचं काढून दुसऱ्यांना का दिलंत?"

*

नाव झालं तसं पोटात दुखणाऱ्यांच्या पोटातही दुखायला लागलं. कॅसेटच शापित आहे, अशी आवई कोणीतरी उठवली. एकाच्या स्कूटरवर नारळ पडला, फणीमुळं. एकाची होडी बंद पडली, फणीमुळं. भाऊंचा पाय परसात शेवाळ्यावरून घसरला, तोही फणीमुळंच! शेवटी आळीतले प्रतिष्ठित लोक एका रविवारी वखारीत आले. पुढारी होते एक रिटायर्ड हेडक्लार्क.

"कॅसेट आमच्या ताब्यात द्या. मांडवीला समुद्रात बुडवणार. नाही दिलीत तर वखार बंद पाडू."

भाऊ बाजूला दुखरा पाय सांभाळत उभे होते. वखार त्यांची, आळी त्यांची, रोज त्याच लोकांत राहायचं. नंदूचा चेहरा पांढराफटक. शमू तर भाईची कॅसेट म्हणून रडायच्या बेतात. मला वाटलं, संपलं आपलं.

सुमननं व्हीसीआरमधून कॅसेट काढली आणि अलगद टेबलावर ठेवली. "न्या. बरोबर आहे तुमचं, बुडवायलाच हवी. फक्त एक आहे, ज्याचा हात लागेल त्याच्यामागं ती लागते. आम्हाला आता तिची सवय झालीय. कोण उचलतंय?"

हेडक्लार्कांनी शेजाऱ्याकडं बघितलं. शेजाऱ्यानं आणखी शेजाऱ्याकडं. कोणीतरी म्हणालं, चिमट्यानं उचलू. दुसरा म्हणाला, चिमटा कोणाच्या घरचा?

तेवढ्यात भाऊ मोठ्यानं हसले. पहिल्यांदाच! "नंदू, चहा सांग सगळ्यांना."

मंडळी चहा पिऊन गेली. कॅसेट टेबलावरच होती. संध्याकाळचा शो हाऊसफुल्ल, आणि दुसऱ्या रांगेत सहकुटुंब हेडक्लार्क!

*

सुमनचं लग्न ठरत नव्हतं. 'भुताचे आवाज काढणारी' म्हणून दोन ठिकाणांहून नकार आला होता. आई तिला म्हणायची, "सोड गो तो व्हिडिओ." सुमन आमच्यात हसायची, पण एकदा वायरी गुंडाळताना मला म्हणाली, "मला तिथं उभं राहिलं की मी कोणीतरी आहे असं वाटतं रे. ते कसं सोडू?"

तिसरं स्थळ आलं. मुलगा बँकेत, सोबत त्याची आई आणि मामा. पोहे झाले. मामांनी विचारलं, "गाणं येतं का?"

सुमन म्हणाली, "गाणं नाही येत. किंकाळी येते."

तिच्या आईनं कपाळावर हात मारला. मुलाची आई मात्र म्हणाली, "बघू तरी!"

सुमननं पदर खोचला, डोळे मिटले आणि दिली! पलीकडच्या घरातले लोक काठ्या घेऊन धावत आले. मामांच्या हातातला चहा मामांच्या धोतरावर.

मुलाची आई उठली आणि सुमनचा हात धरला. "पोरगी पसंत! आमच्याकडं सगळ्यांना ऐकू कमी येतं."

*

आणि ही बयोआत्यांची.

बयोआत्या म्हणजे भाऊंची आत्या. लहानपणीच नवरा गेला. तेव्हाच्या रीतीप्रमाणं डोकं भादरलं, लाल आलवण नेसवलं आणि माहेरी आणून ठेवलं. ऐंशीच्या घरात आल्या तरी महिन्याचा न्हावी मागच्या दारी यायचाच. त्यांची खोली वखारीच्या भिंतीला लागून होती. म्हणजे सुमनचा आवाज त्यांना रोज ऐकू जायचा, हे आमच्या कधी लक्षातच आलं नाही.

एका दुपारी त्या स्वतःच वखारीत आल्या. सगळी वखार उठून उभी राहिली. नंदूनं घरातून खुर्ची आणली. त्या बसल्या आणि पडद्याकडं एकटक बघू लागल्या.

यमुना आरशातून वळली. केस पाठीवरून जमिनीवर सांडले. नेहमीप्रमाणं सगळे किंचाळले. ओरड ओसरली तशा बयोआत्या म्हणाल्या,

"भिता कसले मेल्यांनो? किती केस आहेत तिला!"

कोणी हसलं नाही. उरलेला सिनेमा त्या दिवशी सुमनच्या आवाजाशिवाय, मूकपटासारखा झाला.

पुढच्या महिन्यात न्हावी आला तेव्हा आत्यांनी त्याला मागच्या दारातूनच परत पाठवलं. त्याच्या पुढच्याही महिन्यात. भाऊंनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "त्याचा हात थरथरतो हल्ली." भाऊंनी पुन्हा विचारलं नाही. घरातल्या बायकांनीही नाही.

आंबा उतरायची वेळ आली. वखार रिकामी करायची होती, म्हणून शेवटचा शो ठेवला. दुपारची वेळ, उभं राहायला जागा नाही. बयोआत्या आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. सिनेमा सुरू झाला. नवरीला फणी सापडली. ती आरशासमोर बसली.

आत्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला.

पांढरे केस, बोटभर वाढलेले, तरव्यातल्या भाताच्या रोपांसारखे ताठ उभे. त्यांनी कनवटीला हात घातला आणि एक लहानशी लाकडी फणी काढली. लग्नात माहेरच्यांनी दिलेली, असं नंदूच्या आईनं नंतर सांगितलं. इतकी वर्षं ती कुठं होती, घरात कोणालाच माहीत नव्हतं.

पडद्यावर नवरी केस विंचरत होती. समोर खुर्चीत बयोआत्या विंचरत होत्या. कपाळापासून मागं, सावकाश, पुन्हा कपाळापासून मागं.

सुमन टीव्हीशेजारी उभी, डोळ्यांत पाणी, कुंदाचं वाक्य अर्ध्यावर सोडून.

आत्यांनी मान न वळवता विचारलं, "थांबलीस का गो? सांग पुढं!"