आईचं तेच पान

पंचवटीतलं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा आईची पुस्तकं मी रद्दीत घातली. दोन गोण्या भरल्या. जागाच नाही, असं सगळ्यांना सांगितलं. शोकेसला मात्र जागा होती. त्या बदल्यात आईला पुस्तकं वाचायचं यंत्र आणून दिलं. अख्खी लायब्ररी त्यात मावते, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. डोळ्यांचा पडदा खराब झालेल्या बाईला आणखी काय हवं! मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आई कळवणकडची. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. दुपारची भांडी आवरली की भिंतीला टेकून पुस्तक उघडायची आणि अंगठा जिभेला लावून पान उलटायची. यंत्रावरही तिनं तेच केलं. मी खेकसलो, "थुंकी काय लावतेस? बिघडेल ना ते! नुसतं बोट टेकव." तिनं अंगठा पदराला पुसला.

त्यानंतर रोज दुपारी ती यंत्र घेऊन बसायची. "कशी आहे कादंबरी?" मी विचारायचो. "लय छान हे," ती म्हणायची. छापील पुस्तकांचे दिवस भरले, असं मी ऑफिसात ज्याला त्याला ऐकवत सुटलो.

दोनेक महिन्यांनी यंत्र चार्जिंगला लावताना सहज पाहिलं. खाली कोपऱ्यात किती वाचून झालं त्याचा आकडा होता. चार टक्के.

"आई, हे पुढे का गेलं नाही?"

"पान उलटत नाय रे. माझी बोटं कोरडी. ओलं केलं की उलटतं, पण तू वरडला होता ना. महागाची वस्तू. मग तेच पान वाचते. पाठ झालं आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी तीच कादंबरी छापील आणली. आईनं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, अंगणात न्यावी तशी बाल्कनीच्या उजेडात नेली आणि मिटली. एवढं बारीक अक्षर तिला आता दिसत नव्हतं.

मग मीच यंत्र पुढे केलं. "लाव थुंकी. बिघडलं तर बिघडू दे."

तिनं ते हातात घेतलं आणि परत माझ्याकडे दिलं. "राहू दे बाबा. पुढं काय झालं, आता विचारावंसं बी वाटत नाय."

पुस्तकं मी घालवली, आणि यंत्र चालू असून मीच बंद पाडलं. ते आता शोकेसमध्ये आहे. भांडी आवरली की आई भिंतीला टेकून नुसती बसते.