गोठवलेली गाठ: मेली की टिकली?

"किडनी काढायची ठरलीय मॅडम. त्याआधी तुमच्याकडून सीटी स्कॅन तेवढा करून आणा, असं सर्जन म्हणालेत," सलीमनं फाईल माझ्या टेबलावर ठेवली. मागं त्याचे वडील रफिकभाई, कवठे महांकाळचे बेदाण्याचे व्यापारी, खाली मान घालून उभे. शेजारी आई, शमीमभाभी.

मी कराडला रेडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे स्कॅन वाचणारी डॉक्टर. फाईल वाचली. रफिकभाईंना किडनी एकच. दुसरी धाकट्या भावाला दिलेली. उरलेल्या किडनीत कॅन्सरची गाठ निघाली, म्हणून काही महिन्यांपूर्वी क्रायो केलं होतं. क्रायो म्हणजे पाठीतून सुया घालून गाठीचा बर्फ करायचा, ती जागेवरच मरते. आता गावाकडच्या सोनोग्राफीत आलं होतं: गाठ पहिल्यापेक्षा मोठी. ही किडनी गेली की जन्माचं डायलिसिस.

"मला तवाच वाटलं हुतं," रफिकभाई म्हणाले. "आवं, बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतो आमी. वरीसभर तसाच ऱ्हातो. थंडीत माल टिकतो मॅडम, मरत न्हाई. गाठ बी टिकली."

"काहीतरीच काय!" मी चिडलेच. "ताजी द्राक्षं बर्फाच्या खणात ठेवलीत कधी? बाहेर काढल्यावर काय होतं?"

"लगदा हुतोय."

"तेच केलंय गाठीचं."

"मग मोठी कशी झाली?" सलीमनं विचारलं.

"गाठीची कड सुटू नये म्हणून भोवतालची चांगली जागाही थोडी गोठवतात. त्या सगळ्याचा डाग सुरुवातीला गाठीपेक्षा मोठाच दिसतो. आकारावर जाऊ नका. आत रक्त पोचतंय का, ते बघायचं."

त्यासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध. जिवंत गाठीत रक्त जातं, ती उजळते. हे औषध किडनीला जड, त्यात एकुलती एक किडनी, म्हणून आधी रक्त तपासलं आणि मगच औषध दिलं.

स्क्रीनवर किडनी उजळली. डाग काळाच. कडेकडेनं एकेक चित्र दोनदा बघितलं. कुठंही उजळलं नव्हतं.

सर्जनना फोन लावला. "सर, ऑपरेशन थांबवा. आत रक्त नाही."

"नक्की?"

"पाठवते, तुम्हीच बघा."

त्यांनी बघितलं आणि ऑपरेशन रद्द केलं.

बाहेर येऊन सांगितलं, "आज जिवंत गाठ दिसत नाही. पण पुढचे स्कॅन चुकवायचे नाहीत." रफिकभाई बाकावर बसून ढसाढसा रडले. भाभी मात्र भडकल्या.

"माजी किडनी द्यायची म्हणून मी रगत तपासून आले! मेली हुती तर कागदावर गाठ कशाला लिवायची? मेल्या माणसाला आपण मयत म्हणतो. नावानं हाक मारतो व्हय?"

भाभींचं खरं होतं.

आता अशा रिपोर्टाखाली मी साध्या मराठीत एक ओळ घालते: 'गोठवून मारलेली जागा. आत रक्त नाही.' टायपिस्ट कुरकुरतो. कुरकुरू दे. 'गाठ मोठी' या एका ओळीपायी माणसाची किडनी जाता जाता राहिली.