वेगळी केबिन नाही

आयटीआयला फिटर ट्रेड घेतला तेव्हा आमच्या बॅचमध्ये मी एकटीच मुलगी होते. दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं, की फिटर झालेल्यांना जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम मिळतं, पण आधी सहा महिन्यांचा निवासी कोर्स करावा लागतो. वडील नांदेड डेपोत कंडक्टर. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला आणि 'पोहता येणे आवश्यक' या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

पोहायला देवणीच्या मावशीनं शिकवलं, तिच्या शेतातल्या विहिरीत. मी पायरी सोडायला तयार नव्हते. ती म्हणाली, "पाणी धरून राहिलंय की तुला. तू कायला पायरी धरून राहिलीस?" पंधरा दिवसांत मी विहिरीला फेऱ्या मारायला लागले.

कोर्स मुंबईजवळ झाला. आग विझवणं, दोराच्या गाठी, पंप खोलून पुन्हा जोडणं, सगळंच आवडलं. पास झाले. खलाशाचं ओळखपुस्तक, सीडीसी, घरी आलं तेव्हा वडिलांनी ते डेपोत नेऊन सगळ्यांना दाखवलं.

मग जहाजाची वाट बघणं सुरू झालं. बरोबरची मुलं एकेक करून गेली, बंदरांवरचे फोटो पाठवायला लागली. मी मुंबईला जायचे, ऑफिसांच्या बाकड्यांवर दिवसभर बसायचे, परत यायचे. एका ऑफिसातले गृहस्थ फार सभ्य होते. दर वेळी तेच सांगायचे, "मॅडम, या जहाजावर बाईसाठी वेगळी केबिन नाही. पुढच्या वेळी बघू." एकदा मी म्हणाले, कुठंही झोपेन. ते म्हणाले, माझ्या हातात नाही. खरंच नसेल. चिडावं कुणावर, हेच कळायचं नाही. त्यानंच जास्त दमले.

डेपोतले लोक वडिलांना विचारायचे, लेकीची बोट कुठवर आली? वडील म्हणायचे, "येऊन राहिली." दोन वर्षं त्यांनी हेच सांगितलं. नंतर लोकांनी विचारणं सोडलं.

शेवटी लातूरच्या एका आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. आता पाच वर्षं झाली. बाहेर रस्ताभर क्लासेसचे, डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फलक, आत आमच्या कानशींची खरखर. संध्याकाळी खांदे भरून येतात.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं त्याच कोर्सचा फॉर्म आणला. तिला मी काहीच लपवलं नाही. बाकडी, मुंबईच्या फेऱ्या, केबिन, सगळं सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "तरी भरू का, मॅडम?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "भर. नाव दहावीच्या सनदेवर आहे तसंच लिही."