कबरीपाशी रडलेला देव

आदिलाबादच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एका बाईंचा नवरा होता. त्याला हात लावण्याआधी त्या तळवे घासून ऊन करत.

बाबा गेले त्या सकाळी मी कोरड्या डोळ्यांनी फॉर्म भरत होतो. घरातला पहिला शिकलेला मीच. मी रडलो तर आईला कोण सावरणार?

"रडून घे ना, बापू," त्या बाई म्हणाल्या. "आमचा येशू बी मित्राच्या कबरीपाशी रडला."

आम्ही बौद्ध, पण येशूने मेलेल्या मित्राला जिवंत उठवल्याची गोष्ट मी शाळेत ऐकली होती. मी विचारलं, "तो तर देव ना? मेलेल्याला उठवनार होता, मग रडला काऊन?"

"देव होता म्हून उठवलं. पन मानूस बी होता ना! मित्राच्या बहिनी रडून राह्यल्या होत्या."

एवढं बोलता बोलता त्यांनाच रडू फुटलं. शेजारची खाट सोडली तर बाबांशी त्यांची ओळखही नव्हती. मग मलाही आवरलं नाही.