पालक ग्रुपवरची श्रद्धांजली

तंत्रज्ञानानं पालक शाळेशी जोडला जातो, असं विनीताबाईंना प्रशिक्षणात सांगितलं होतं. मुदखेडजवळच्या त्यांच्या शाळेच्या पालक ग्रुपवर पालकांनी जोडले ते फक्त हात. अभ्यास पाठवा, नमस्कार. सुट्टी कळवा, नमस्कार. पोरगं पडलं, गुडघा फुटला, तरी नमस्कारच. त्याचा अर्थ 'पाहिलं, आता पुरे' असा असतो, हे उमगेपर्यंत बाईंचं वर्ष गेलं. बाई नांदेडच्या, तोंडानं फटकळ. पण चित्रातल्या हातांशी भांडणार कसं?

त्यात चौथीतली शिवांगी दिवाळीपासून येईना. आईबाप शेतात आणि ही घरी तान्ह्या भावाला सांभाळत बसलेली. वर्गात सगळ्यांत छान वाचणारी पोर अशीच शाळेतून सुटणार, या विचारानं बाईंचा जीव तुटायचा. दोनदा घरी गेल्या, तर बाप शेतात. घरातला एकुलता एक फोनही बापाच्या, शेषेरावांच्या, खिशात. त्यांना निरोप पाठवला की नमस्कार यायचा.

शेवटी बाईंनी शिवांगीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली हातभर मजकूर लिहिला, की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तरी बापाला समजवावं. मजकूर वाचतो कोण? ग्रुपवर एकट्या माणसाचा फोटो आला की वाढदिवस, नाहीतर मयत. किराणा दुकानदार भीमाशंकरनं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि अख्ख्या गावानं मेंढरागत तीच ओळ पुढं ढकलली. बाई वर्गात, फोन पर्समध्ये. तिकडं शिवांगीची हिमायतनगरची आत्या रडत एसटीत बसलीसुद्धा.

दुपारी शेषेराव फटफटीवर आले. मागं शिवांगी, तिच्या कडेवर भाऊ.

"मॅडम, जित्त्या लेकीला मारलं तुम्ही. बघा, हाय का न्हाई जित्ती?"

बाईंनी फोन उघडला, तर फोटोखाली श्रद्धांजल्यांची रांग. त्यांनी मनापासून माफी मागितली. पण स्वभाव कुठं जातो?

"चुकलं माझं, शेषेरावभाऊ. पण गावाला ते लगेच खरं का वाटलं? दिवाळीपासून पोर कुणाच्या नजरेलाच पडली नाही."

शेषेराव वर्गाकडं वळले. तोवर शिवांगी भावासकट आपल्या जागेवर जाऊन बसली होती, शेजारणीचं पुस्तक ओढून वाचायलाही लागली होती. त्यांनी ते पाहिलं. मग आत आले, तान्ह्याला तिच्या मांडीवरून उचललं आणि छातीशी धरून पायीच घराकडं निघाले. फटफटी शाळेच्या दारातच राहिली.