गिरणीच्या पायरीवर मामा

मी आज जो काही आहे, तो आटपाडीच्या माझ्या मामांमुळे. तोफखान्यात नोकरी करत त्यांनी मला साताऱ्याच्या कॉलेजात शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तोफांनी मात्र मामांच्या कानात कायमची शिट्टी ठेवली.

सांगलीत मी काम करतो त्या रुग्णालयात कानातल्या अशा आवाजावर एका उपचाराची चाचणी सुरू झाली. डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरायची आणि तिची स्पंदनं मेंदूपर्यंत पोचवायची. भूल नाही, चिरफाड नाही. काहींना खरी स्पंदनं मिळतात, काहींना नुसती यंत्राची टकटक. कोणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नसतं. मी मामांना बोलावून घेतलं. संमतिपत्रातलं हे सगळं वाचून दाखवू लागलो, तर म्हणाले, "तू वाचलंयस न्हवं? मग आण हिकडं." आणि सही केली.

उपचारानंतर मीच विचारायचो, "मामा, आवाज दहापैकी किती?" आठाचे सहा झाले, मग तीन.

"लय फरक हाय," ते डॉक्टरांकडे बघत म्हणायचे. "भाचा कुणाचा हाय!"

मी फुगून जायचो.

दिवाळीत आटपाडीला गेलो, तर मामा घरात नव्हते. मामी म्हणाली, "पिठाच्या गिरणीत बघ. दळण नसलं तरी दिसभर तितंच. त्या घरघरीत शिट्टी ऐकू येत न्हाई म्हनं."

मामा खरंच गिरणीच्या पायरीवर बसले होते. मिशीवर पीठ.

"मामा, मग तीन का सांगितलंत?"

"तुझ्या सायबाम्होरं तुझी मान खाली घालू व्हय रं? फौजेत कवा तक्रार केली न्हाई, आन् तुझ्या मशिनीची करू?"

भाच्यानं विचारल्यावर ते दुसरं काय सांगणार होते? परत येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मामांची उत्तरं चाचणीतून बाजूला ठेवली आणि कान पुन्हा तपासायला बोलावलं. फोनवर मामा "बरं हाय गड्या" म्हणून ठेवून देतात. म्हणून पत्र टाकलं:

तीर्थरूप मामा,
तुमचे आकडे खरे नव्हते, हे मी डॉक्टरांना सांगितलं. माझी नोकरी शाबूत आहे. तुम्ही न ऐकता सही केलीत, ती मी करू दिली. चूक माझी आहे. सोमवारी या. डॉक्टर एकटेच विचारतील, मी बाहेर बाकावर बसेन. आठ असेल, तर आठच सांगा.
तुमचा भाचा